आजाऱ्याला लाथ, विकणाऱ्याला हार!

व्यसन हा आजार आहे. हे सांगून जगाच्या वैद्यकाला आता दोन पिढ्या झाल्या. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तिची नोंद आहे. आपल्याच संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, तेव्हा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातल्या. एवढे सगळे झाले, तरी पिंपळगाव बसवंतच्या चिंचखेड चौफुलीवर एखादा माणूस भरदुपारी कोसळला, की भोवतीच्या गर्दीतून एकच शब्द उठतो: बेवडा! कुणी मोबाइल पुढे करून चित्रण करतो, कुणी पायाने ढोसून पाहतो. दवाखान्यात नेणारा हात पुढे येत नाही. आणि ज्या दुकानाच्या पायरीवरून तो उठून आला, त्याचा मालक गावोगाव सप्ताहाची पंगत देतो, मिरवणुकीत पुढे चालतो, सत्काराच्या व्यासपीठावर बसतो. आजाऱ्याला लाथ आणि आजार विकणाऱ्याला हार, अशी ही नीती आहे. या उफराट्या न्यायाविरुद्ध आज आम्हाला बोलायचे आहे, आणि हातचे काही राखून बोलायचे नाही.

पिंपळगावचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. हे गाव दरिद्री नाही आणि अडाणी तर मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याच्या काळ्या रानात मांडव उभारून येथल्या शेतकऱ्याने द्राक्ष युरोपच्या बाजारात नेले. येथल्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याच्या गाड्या देशभरच्या व्यापाऱ्याला खेचून आणतात. पानामागे डाऊनी रोगाचा एक ठिपका दिसला, तर येथला बागाईतदार पहाटे चारला ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो. तो दुपारची वाट पाहत नाही, कारण आज पानावर आहे ते उद्या घडात उतरेल हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच बागाईतदार घरातल्या तरण्या मुलाच्या हाताला रोज सकाळी कापरे भरलेले वर्षभर पाहतो आणि म्हणतो, ‘लगीन लावून देऊ, म्हणजे येईल ताळ्यावर.’ वेलीचा रोग ओळखणारा हा डोळा मुलाचा रोग का ओळखत नाही? कारण वेलीच्या रोगाची कुणाला लाज वाटत नाही! आणि त्या लाजेपायी दुसऱ्याच्या घरची एक निष्पाप मुलगी औषध म्हणून आणली जाते. आजार तसाच राहतो, आणि तिच्या आयुष्याची धूळधाण होते. असे लग्न ठरवणाऱ्या आईबापांना आणि सोयऱ्यांना आम्ही गुन्ह्यातले भागीदार समजतो.

म्हणून आधी हा रोग नीट ओळखू या. त्याच्या शरीरावरच्या खुणा स्पष्ट आहेत.

पहिली खूण म्हणजे प्रमाण वाढत जाणे. सुरुवातीला नव्वदीत चढणारी दारू वर्षा-दोन वर्षांत क्वार्टरलाही चढत नाही. ‘आमचा गडी कितीबी पिला तरी हलत नाय’ असे मित्र कौतुकाने सांगतात. ते कौतुक नव्हे, तो धोक्याचा घंटानाद आहे. दारू मेंदूला रोज गुंगवते, म्हणून मेंदू स्वतःला रोज जास्त चेतवून ठेवतो. दोन्ही बाजूंचा जोर वाढत जातो आणि माणूस वरवर शुद्धीत दिसतो. मग एके दिवशी दारू मिळत नाही. गुंगवणारा जोर नाहीसा होतो, चेतवणारा तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार झाले नाहीत तर यात जीव जातो.

आमच्या खेड्यांत या अवस्थेत काय होते? बाहेरची बाधा झाली म्हणून त्याला भगताकडे नेतात. लिंबू उतरतात, अंगारा लावतात. जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात २०१३ पासून आहे, पण ज्याच्या मेंदूत वादळ उठले आहे त्याला कायद्याच्या आधी डॉक्टर हवा असतो. किंवा घरचेच त्याला खोलीत कोंडतात, ‘आठ दिवस नाय मिळाली का सुटंल.’ रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एका रात्रीत तोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. मेंदू शांत करणारी औषधे ठरलेल्या मात्रेत देऊन हळूहळू कमी करावी लागतात, थायमिन नावाचे जीवनसत्त्व भरून काढावे लागते. पिणाऱ्याच्या पोटात अन्न जात नाही आणि गेलेल्या अन्नातून हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. ते अगदी संपले की तोल जातो, नजर ठरत नाही, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. चाळिशीतला माणूस आपल्या लेकीचे नाव विसरतो, आणि लोक म्हणतात, नाटक करतो.

याहून भयंकर धंदा म्हणजे ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या. एस. टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर याच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. बायको बिचारी आशेने ती भुकटी भाजीत कालवते. दारूबरोबर घेतल्यास शरीरावर उलटणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने, डॉक्टरने तपासून दिले तर त्याचा उपयोग होतो. तेच नकळत पोटात गेले आणि वरून दारू पडली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हतबल बाईच्या हातून तिच्याच नवऱ्याचा जीव धोक्यात घालणारे हे पुडीवाले उघड फिरतात, आणि त्यांना हात लावायला कुणी पुढे येत नाही!

शरीराच्या खुणा निदान डोळ्यांना दिसतात. मनाच्या खुणा लपून राहतात, आणि खरा कैदखाना तिथेच आहे. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या दोन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य झटका बसे. उंदीर तीच दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, आणि पुढच्या प्रयोगांत तर ते अन्न सोडूनही दाबताना दिसले. माणसाच्या मेंदूतही ती वाट आहे. जेवण, माया, कौतुक यांनी ती उजळते, आणि माणूस जगण्यासाठी धडपडतो. दारू, निकोटिन, गर्द तिच्यावर थेट आणि जबर घाला घालतात. वारंवारच्या घाल्याने बाकीची सुखे फिकी पडतात. पोराचा पहिला नंबर, बागेला लागलेले भरघोस घड, यांनी त्याला काहीच वाटेनासे होते. त्याच वेळी ‘थांब’ म्हणणारा, मेंदूचा कपाळामागचा भाग दुबळा होत जातो. म्हणून तो सकाळी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि संध्याकाळी ती मोडतो. सकाळची शपथही खरी असते. तिच्यामागे बळ उरलेले नसते, एवढेच.

आणि मग येतो नकार. ‘मी काही बेवडा नाय, मनात आलं का उद्या सोडीन.’ हे वाक्य आमच्या तालुक्यात किती घरांत रोज बोलले जाते! लोक त्याला खोटारडेपणा म्हणतात. तोही आजाराचाच भाग आहे. ज्या मेंदूने निवाडा करायचा, तोच मेंदू आजारी आहे. त्यात अपराधाची जाणीव मिसळते, ती जाणीव सहन होत नाही म्हणून तो पुन्हा पितो, पिऊन केलेल्या गोष्टींची लाज दुप्पट होते. शिव्या देऊन, पोरांसमोर कानफटात मारून, जातपंचायतीसारखी भावकी बसवून कुणाची दारू सुटत नाही; लाज वाढते आणि लाजेबरोबर दारू वाढते. घरात फवारणीची जहाल औषधे हाताशी, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, आणि रात्री तोल गेलेले मन: हे तिन्ही एका छपराखाली आल्यावर काय होते, ते सांगायला या जिल्ह्याला आमची गरज नाही.

तेव्हा व्यसनाधीन माणसाची काहीच जबाबदारी नाही, असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. बायकोवर उगारलेल्या हाताला आजाराची ढाल मिळणार नाही. मारहाण हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. आजारी असणे हा त्याचा दोष नाही. आजार कळल्यावर उपचाराला उभे राहणे हे मात्र त्याचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्याला उभे राहण्याइतकी जमीन त्याच्या पायाखाली ठेवणे, हे आपले.

ही जमीन म्हणजे परिसर. व्हिएतनामच्या युद्धात हजारो अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते मायदेशी परतल्यावर ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्यांचे व्यसन परतल्यावर सुटलेले आढळले. पदार्थ तोच आणि माणूसही तोच. फक्त भय, एकटेपण आणि हाताशी असलेला पुरवठा सुटला होता. आता हा निकष पिंपळगावला लावून पाहा. पेठ, सुरगाणा, कळवणच्या पाड्यांवरून टोळ्या येतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, तोडणी, सगळे अंगमोड काम त्यांच्या हातून होते. बागेच्या कडेला ताडपत्रीची झोपडी, घर कोसो दूर, संध्याकाळी अंग ठणकते. दवाखाना लांब, देशीचे दुकान जवळ. बाजार समितीत हमाल दिवसभर क्रेट आणि गोण्या वाहतो, रोकड हातात पडते आणि घरच्या वाटेवर दुकान उघडे असते. काही बागाईतदार तोडणी आटोपल्यावर टोळीला ‘बसवतात’, आणि त्याला मोठे मन म्हणतात. ज्याच्या घामावर तुमचा कंटेनर भरला, त्याची मजुरी रोख आणि पुरी द्या, त्याच्या बाईची मजुरी तिच्या हातात द्या. बाटली देऊन उपकार करू नका! आणि निवडणुकीत रात्री वाटल्या जाणाऱ्या पेट्या? त्या वाटणाऱ्याला मत देणारे आपणच आहोत.

हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर वसले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांचा आकडा पाहून दिलेला तो आदेश होता. पुढे छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर झाले, मग शहरांतल्या रस्त्यांना सवलत मिळाली, मग ग्रामपंचायतींसाठी निर्णय राज्यांवर सोपवला गेला. महामार्गांची नावे बदलून दुकाने वाचवण्याचा उद्योग राज्यांनी केला. मृत्यूचे अंतर मोजण्याची पट्टी अशी पुन्हा पुन्हा आखूड केली गेली!

सरकारचे बोलू. २७ जानेवारी २०२२ हा दिवस महाराष्ट्राने लक्षात ठेवावा. त्या दिवशी सकाळी पुण्यात अनिल अवचट गेले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांच्या मागे वणवण फिरून, पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या साथीने, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर त्यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले होते. आणि त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मंजुरी दिली. कारण काय सांगितले? शेतकऱ्याचे हित! निफाड-दिंडोरीच्या मांडवांखाली उभे राहून हे सांगावे. येथला बहुतेक शेतकरी खाण्याची द्राक्षे पिकवतो. वाइनची वाणे वेगळी, ती लावणारे मोजके. गारपिटीत बाग झोपली तेव्हा वाइनने कुणाला उठवले? निर्यातीचे दर पडले तेव्हा कुठल्या वाइनरीने खाण्याची थॉमसन द्राक्षे उचलली? द्राक्षापासून झाली म्हणून वाइनमधले अल्कोहोल निराळे होत नाही. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे. लोक खवळले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. पण सरकार बदलले तरी तहान बदलली नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवताना आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार काढताना मंत्रिमंडळाने तिजोरीत आणखी १४ हजार कोटी येतील असे जाहीर केले. दर वाढल्याने काही जण कमी पितात, हे खरे आहे आणि दरवाढीला आमचा विरोध नाही. प्रश्न त्या पैशांचा आहे. त्या १४ हजार कोटींतले किती आजाऱ्याच्या खाटेसाठी?

केंद्र सरकारने एम्सकडून देशभर केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ५ कोटी ७० लाख, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे आहेत? आमच्या ओट्यांवर, आमच्या चौफुल्यांवर, आमच्या घरांतल्या आतल्या खोलीत. राज्यघटनेचे ४७ वे कलम नशाबंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, त्या राज्याची तिजोरी दारूवर डोळा ठेवून अंदाजपत्रक जुळवते!

केवळ बंदीने काम भागेल, असे मात्र आम्ही सांगणार नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दुकान बंद करून माणसाला उपचार न देणारी बंदी चोरट्या दारूला बाजार देते. आणि दुकाने वाढवत उपचाराची भाषा करणारे सरकार तर एका हाताने पाजते, दुसऱ्याने पुसते. गडचिरोलीत बंदीला गावसंघटना आणि उपचार यांची जोड देणारे मुक्तिपथ २०१६ पासून चालू आहे. दुकानाला आळा आणि आजाऱ्याला उपचार, दोन्ही एकाच वेळी लागतात.

दारूवरच सगळे बोललो, कारण तीच गावाच्या मध्यावर बसली आहे. पण गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही शाळकरी पोरांच्या खिशात पुडी सापडते, आणि नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ साली एमडी या अमली पदार्थाचा अख्खा कारखाना उघडकीस आला, हे विसरता येत नाही. आज ज्या घरात देशीची लाज झाकली जाते, उद्या त्याच घरात पांढरी भुकटी शिरेल.

लढण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे कुणी म्हणू नये. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहून जाब विचारला होता. १९८० साली कांद्याच्या भावासाठी हाच तालुका महामार्गावर आणि खेरवाडीच्या रुळांवर उतरला. १९८६ च्या नोव्हेंबरात शेजारच्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले, तेव्हा बायांच्या गर्दीने तो परिसर भरून गेला होता. त्या बायांच्या लेकीसुना आज याच गावांत आहेत. त्यांच्या हातात आडव्या बाटलीचे, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे, मतदान आहे. २००८ च्या नियमानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, नुसती मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. आमदार निवडून यायला जी अट नाही, ती दारूचे दुकान उठवायला! ही अट बदला, ही आमची पहिली मागणी. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या राखीव खाटा, प्रशिक्षित डॉक्टर, समुपदेशक आणि औषधांचा अखंड पुरवठा हवा, आणि खर्च मद्यशुल्कातून कायद्याने बांधून दिलेला हवा. बाजार समितीने हमाल-मापाड्यांसाठी, द्राक्ष बागाईतदारांच्या संघटनांनी टोळ्यांसाठी आरोग्य तपासणी सुरू करावी. सप्ताहाच्या समित्यांनी दारूच्या पैशाची पंगत नाकारावी. हे शेवटचे काम करायला सरकारी आदेश लागत नाही.

आणि तुम्ही, ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांना आमचे हात जोडून सांगणे: त्याला कोंडू नका, नकळत काही पाजू नका, देवीच्या गडावर नेऊन शपथ घातली तरी तेवढ्यावर थांबू नका. एकदा सुटून पुन्हा सुरू झाली तर सगळे संपले असे मानू नका. या आजारात असे होते आणि पुन्हा उपचार घेता येतात. सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. आणि उद्या सकाळी त्याला डॉक्टरकडे न्या. तो रोज किती घेतो आणि शेवटचा घोट कधी घेतला, या दोन प्रश्नांची उत्तरे खरी द्या. लाजेखातर आकडा कमी सांगाल, तर औषधाची मात्रा चुकेल.